दाराशी काय विचारावे? प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या प्रवेशपात्रतेचा अर्धाच सुटलेला प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक निर्णय जाहीर केला. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र आणि उपचारात्मक आहारशास्त्र हे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवणे संस्थांनी थांबवावे, आणि तेही जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासूनच, असा त्याचा आशय होता. या निर्णयाला आधार होता तो २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याचा. वृत्तपत्रांनी बातमी ‘ऑनलाइन पदव्यांवर बंदी’ अशा मथळ्याखाली छापली, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

निर्णय योग्यच आहे. शिरेत सुई घालणे, रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर ओढणे, संवर्धनाच्या तबकडीवरील वसाहती डोळ्यांनी ओळखणे, या गोष्टी पडद्यावर पाहून येत नाहीत. मात्र शिक्षण कोणत्या पद्धतीने व्हावे हे ठरवून झाले, तरी शिकायला येणाऱ्याची पूर्वतयारी काय असावी हा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या बाबतीत तो अनेक वर्षे एकाच साच्यातल्या उत्तरावर थांबलेला आहे: बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-जीवशास्त्र, आणि पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास गुण. काही संस्था जीवशास्त्राऐवजी गणितही मान्य करतात. बहुतेक करीत नाहीत. हा साचा कशासाठी आहे आणि तो नेमके काय मोजतो, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२१ च्या या कायद्याने पन्नासहून अधिक व्यवसाय दहा गटांत मांडले आणि त्यांत पहिलाच गट ठेवला तो वैद्यकीय प्रयोगशाळा व जीवविज्ञानांचा. ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण हवे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ या वरच्या पायरीसाठी किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी हवी. तासांचा हा हिशेब स्वागतार्ह आहे. दिवसाला आठ तास धरले तरी २००० तास म्हणजे अडीचशे पूर्ण दिवस होतात; सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांना या व्याख्येत जागा नाही. अंमलबजावणी मात्र रखडली. प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्याच एका संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांत कायदा कार्यान्वित करण्यास सांगितले. तोपर्यंत अवघ्या चौदा राज्यांनी परिषदा स्थापल्या होत्या आणि त्यांचेही काम सुरू झालेले नव्हते.

आता हा प्रश्न एखाद्या गावात नेऊन पाहावा. रायपूर शहराच्या उत्तरेस बिलासपूर रस्त्याकडे बीरगाव आहे. उरला औद्योगिक क्षेत्राला लागून वाढलेली ही वस्ती आज स्वतंत्र महानगरपालिका आहे. पुढे सिलतरा लागते. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, ओतकामाचे कारखाने, आणि त्यांत काम करणारी छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे, असे तिचे रूप आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतापासून, रायपूर परिसराशी मराठी माणसाचे नाते आहे. त्यामुळे इथले शैक्षणिक प्रश्न विदर्भातील वाचकाला परके वाटू नयेत. रायपुरात एम्स आहे, १९६३ पासून चालत आलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. बीरगावातील कामगाराच्या मुलीला प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हावेसे वाटले, तर संस्था बसच्या अंतरावर आहेत.

अशा मुलीला खरी अडचण येते ती त्याआधी दोन वर्षे. दहावी झाली की हिंदी माध्यमाच्या बहुतेक शाळांत तिला ‘गणित’ किंवा ‘बायो’ यांतील एक वाट निवडावी लागते. महाराष्ट्रात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय एकत्र घेण्याची सवय रुळलेली आहे. छत्तीसगडच्या शाळांत ती सहसा आढळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती कठोर नसाव्यात असे म्हटले खरे, पण शाळेत दोन्ही विषयांचे शिक्षक आणि तसे वेळापत्रक असल्याशिवाय धोरणातील वाक्य वर्गात उतरत नाही. सोळाव्या वर्षी, बहुधा कुणाच्या तरी सांगण्यावरून, ती मुलगी एका रांगेत बसते. ‘गणित’ निवडले असेल तर प्रयोगशाळेचे दार बहुतेक ठिकाणी तेव्हाच बंद होते. ‘बायो’ निवडले असेल तर दार उघडे राहते, पण आत गेल्यावर लागणारे एक महत्त्वाचे साधन तिच्या हाती आलेलेच नसते.

ते साधन कोणते, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेच्या रोजच्या कामाकडे पाहावे लागेल. हिमोग्लोबिन मोजण्याची जुनी आणि प्रमाण मानलेली पद्धत अशी: २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर ड्रॅबकिन द्रावणात मिसळायचे आणि ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यातून किती शोषला जातो ते पाहायचे. प्रकाशाचे शोषण संहतीच्या सम प्रमाणात असते, हा बेअर-लॅम्बर्टचा नियम इथे कामाला येतो. शोषणांक १ असेल तर दहा टक्के प्रकाश पलीकडे पोचतो, २ असेल तर एकच टक्का. हे प्रमाण लॉगरिदमचे आहे, सरळ बेरजेचे नाही. पिपेटमध्ये २० ऐवजी १८ मायक्रोलिटर रक्त आले, तर ११.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या गर्भवतीचे उत्तर १०.३५ येते आणि ११ च्या मर्यादेखाली जाऊन ती कागदोपत्री पांडुरोगी ठरते. रक्त थोडे जास्त ओढले गेले तर याच्या उलट घडते आणि खरोखर औषधाची गरज असलेली स्त्री निरोगी ठरून घरी जाते.

सोडियम-पोटॅशियम मोजणारे यंत्र विद्युत्‌दाब मोजते. ३७ अंश सेल्सिअसला संहती दहापट झाली की इलेक्ट्रोडवरील दाब सुमारे ६१.५ मिलिव्होल्टने बदलतो. सोडियम १४० वरून १३० पर्यंत उतरले, म्हणजे रुग्ण चिंतेच्या पातळीवर आला, तरी यंत्राच्या दृष्टीने तो फरक अवघ्या दोन मिलिव्होल्टचा असतो. एवढ्या बारीक फरकावर निदान उभे असताना इलेक्ट्रोड नीट प्रमाणित झाला आहे की नाही, हे कळणे ही चैनीची बाब नव्हे. सेंट्रिफ्यूजचेही तसेच. ‘३००० फेऱ्यांवर फिरवा’ असे वहीत लिहिलेले असते. पण त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल तर त्या फेऱ्यांवर गुरुत्वाच्या सुमारे हजारपट बल मिळते आणि पंधरा असेल तर दीड हजारपट. यंत्र बदलले की वहीतील आकडाही बदलायला हवा, हे ज्याला कळते तो तंत्रज्ञ. ज्याला कळत नाही तो केवळ बटण दाबणारा.

सर्वांत महत्त्वाचे साधन आहे ते प्रमाण विचलन. प्रत्येक चांगल्या प्रयोगशाळेत रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांआधी ज्ञात मूल्याचा नियंत्रण नमुना चालवतात आणि त्याचे उत्तर आलेखावर टिपतात. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी ही पद्धत प्रयोगशाळेत आणली. १९८१ मध्ये वेस्टगार्ड यांनी तिच्यासाठी नियमांचा संच दिला. उत्तर सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेले तर काय करायचे? यंत्र निर्दोष असतानाही साधारण वीसांत एकदा असे घडणारच. म्हणून प्रत्येक वेळी यंत्र थांबवणे चूक आहे, आणि कधीच न थांबवणे ही त्याहून मोठी चूक आहे. एकाच बाजूला लागोपाठ अनेक ठिपके पडू लागले तर अभिकर्मक खराब होत असल्याची किंवा दिव्याचा प्रकाश मंदावत असल्याची शंका घ्यायची. हा निर्णय सकाळी सात वाजता, बाहेर रांग लागलेली असताना, तंत्रज्ञाला एकट्याने घ्यायचा असतो.

आता शाळेच्या पुस्तकांकडे यावे. एनसीईआरटीच्या दहावीच्या गणितात सरासरी, मध्यक आणि बहुलक आहेत. प्रमाण विचलन येते ते अकरावीच्या गणितात. म्हणजे ज्या विद्यार्थिनीने प्रवेशपात्रतेच्या अटीप्रमाणे ‘बायो’ घेतले आणि गणित सोडले, तिची प्रमाण विचलनाशी गणिताच्या वर्गात कधी भेटच झालेली नसते. लॉगरिदम तिला रसायनशास्त्रात पीएच शिकताना ओझरते दिसतात, तेवढेच. अभ्यासक्रमात जैवसांख्यिकी असते, पण बहुधा उत्तरार्धात, संशोधनपद्धतीच्या जोडीने, परीक्षेपुरती. उलट बाजू पाहावी: गणिताच्या विद्यार्थ्याला जे जीवशास्त्र येत नाही, ते शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या रूपांत पहिल्याच वर्षी सर्वांना मुळापासून शिकवले जाते. थोडक्यात, प्रवेशाच्या दाराशी आपण ज्या उणिवेवर मुलांना परत पाठवतो ती आत गेल्यावर भरून निघणार असते, आणि जिच्याबद्दल विचारतही नाही ती भरून काढण्याची सोय कुठेच नसते.

हा केवळ तर्काचा खेळ नाही, हे सिकलसेलच्या उदाहरणावरून पटेल. छत्तीसगड आणि विदर्भ हे दोन्ही प्रदेश या आजाराच्या पट्ट्यात मोडतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. गावपातळीवरची पहिली चाचणी साधी असते. रक्त एका द्रावणात मिसळायचे, नळीमागे रेषांचा कागद धरायचा आणि रेषा दिसतात की गढूळपणात हरवतात ते पाहायचे. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन उरलेले असल्याने ती फसते. तीव्र पांडुरोगात फसते. नुकतेच रक्त चढवले असेल तरी फसते. रक्तात चरबी जास्त असेल तर ती उलट दिशेने फसते आणि निरोगी माणूस संशयित ठरतो. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पद्धतींनी खात्री करून घ्यावी लागते.

इलेक्ट्रोफोरेसिसचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे दाखवले ते विद्युत्‌क्षेत्रात हिमोग्लोबिन किती वेगाने सरकते, हे मोजूनच. बीटा साखळीतील सहाव्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येते, एक ऋण प्रभार कमी होतो, आणि अल्कधर्मी माध्यमात तो रेणू धनाग्राकडे हळू जातो. ज्या तंत्रज्ञाला हे कारण ठाऊक आहे, त्याला पट्ट्या पुसट आल्या तर पीएच तपासावा की विद्युत्‌दाब, हे सुचेल. ज्याला ठाऊक नाही, तो पुसट पट्टी पाहून अंदाजाने शेरा लिहील. त्या शेऱ्यावर पुढे दोन तरुण माणसांच्या विवाहाचा निर्णय होतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक. बीरगावसारख्या वस्तीत, जिथे चार राज्यांतील कुटुंबे एकत्र राहतात, समुपदेशन कार्डावर चुकीचा शेरा पडला तर तो दुरुस्त करायला दुसरी चाचणी सहसा होत नाही.

प्रवेशपात्रतेवर बोलताना दोन पक्ष हटकून उभे राहतात. पहिला म्हणतो: अट वाढवा, साठ टक्के करा, राष्ट्रीय प्रवेश परीक्षा लावा. दुसरा म्हणतो: अट सैल करा, देशात तंत्रज्ञ कमी आहेत, गरीब मुलांना नोकरीची वाट मिळू द्या. दोघांच्याही हेतूंबद्दल शंका नाही. पण दोघेही दाराची उंची मोजत आहेत आणि ते दार कुठे उघडते याकडे पाहत नाहीत. बारावीचे पन्नास टक्के हे तीन विषयांच्या बेरजेतून येतात. त्यावरून विद्यार्थ्याला विरलनाचे गणित येते की नाही, हे कळत नाही. साठ टक्क्यांवरूनही कळणार नाही. प्रवेश परीक्षा लावली तर तिच्यासाठी शिकवणीवर्ग निघतील आणि उरल्याच्या कामगाराची मुलगी तिथेच मागे पडेल. उलट अट पुरती काढून टाकली, तर त्याची किंमत ती मुलगी मोजणार नाही. तिच्यासमोर हात पुढे करून बसलेला रुग्ण मोजेल.

बाहेरच्या जगाचा अनुभवही सरळसोट नाही. अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या तपासण्यांतील गंभीर चुका उघड झाल्यावर १९८८ मध्ये प्रयोगशाळांसाठी कडक कायदा झाला. त्याने चाचण्यांची गुंतागुंतीनुसार विभागणी केली: मध्यम गुंतागुंतीच्या चाचणीला शालान्त शिक्षण आणि नोंद ठेवलेले प्रशिक्षण चालते, उच्च गुंतागुंतीच्या चाचणीला किमान दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी लागते. म्हणजे पात्रता माणसाला एकदाच चिकटवली नाही. ती कामाशी जोडली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या नियमांत आणखी एक बदल झाला. तोवर पात्र पदव्यांच्या यादीत ‘भौतिक विज्ञान’ असा एक ढोबळ उल्लेख होता, तो काढून टाकण्यात आला आणि डिसेंबर २०२४ पासून हा बदल लागू झाला.

भौतिकशास्त्रज्ञांना ही बातमी खटकू शकते, पण तिच्यातला तर्क मान्य करायला हवा. केवळ भौतिकशास्त्राची पदवी असलेल्या माणसाला रक्तगोठणाची साखळी ठाऊक नसते, जिवाणूंचे वर्तन ठाऊक नसते, आणि रुग्णाच्या हातातून रक्त काढण्याचा सराव तर मुळीच नसतो. पदवीच्या नावावर प्रवेश देणे चूकच होते. मात्र भौतिकशास्त्राची पदवी पुरेशी नाही याचा अर्थ भौतिकशास्त्र अनावश्यक आहे असा होत नाही. कॅलिफोर्निया राज्याने तंत्रज्ञाच्या परवान्यासाठी दीर्घकाळ रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या ठराविक श्रेयांकांबरोबर भौतिकशास्त्राचेही थोडे श्रेयांक मागितले, आणि विषयही नेमका सांगितला: प्रकाश व विद्युत. अट अशी असावी. तिच्यात टक्के नाहीत, शाखेचे नाव नाही. कामाला काय लागते तेवढेच आहे.

महाराष्ट्रातील अनुभवही इथे उपयोगी आहे. बीएस्सी झाल्यावर एक वर्षाची डीएमएलटी करण्याची वाट तिथे अनेकांनी चोखाळली. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेली ही मुले पिपेट धरायला आधीच शिकलेली असत, म्हणून एक वर्ष पुरत असे. बारावीनंतर थेट येणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम लांब असणे हे त्यामुळे स्वाभाविकच आहे. नव्या कायद्यातील दोन वर्षांच्या किमान मर्यादेत ही एक वर्षाची वाट कशी बसवायची, याचा विचार परिषदांना करावा लागेल. आधीच्या पदवीतील प्रयोगशाळेचे तास मोजून ते साधता येईल. सरसकट नाकारले तर चांगल्या तयारीची मुले गमावली जातील, आणि सरसकट स्वीकारले तर तासांच्या अटीला अर्थ उरणार नाही.

मग दाराशी काय विचारावे? पहिली सूचना अशी की, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र अनिवार्य ठेवून तिसरा विषय जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी कोणताही मान्य करावा. दुसरी, प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात सर्वांची एक निदान-चाचणी घ्यावी: विरलन, गुणोत्तर, लॉगरिदम, आलेख वाचणे, पेशीची मूलभूत ओळख. या चाचणीने कोणालाही नाकारू नये; कोणाला काय शिकवायचे एवढेच तिने ठरवावे. तिसरी, पहिल्या सत्रात सुमारे ऐंशी ते शंभर तासांचा सेतू-अभ्यासक्रम असावा. ज्याचे गणित कच्चे त्याने गणित करावे, ज्याचे जीवशास्त्र कच्चे त्याने जीवशास्त्र. सेतू पार केल्याशिवाय रुग्णाच्या नमुन्याला हात लावू देऊ नये. २००० किंवा ३६०० तासांच्या हिशेबात शंभर तास ही अशक्य मागणी नव्हे. चौथी, हा सेतू विद्यार्थ्याच्या भाषेत शिकवावा. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलीला प्रमाण विचलन कळत नाही, तेव्हा पुष्कळदा तिला कल्पना कळलेली नसते असे नसून शब्द कळलेला नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आज यंत्रे स्वयंचलित आहेत. रक्तपेशी मोजण्यापासून अहवाल छापण्यापर्यंत सारे यंत्र करते, मग तंत्रज्ञाला लॉगरिदम कशाला? उत्तर असे की, यंत्र जिथे अडते तिथेच माणसाची गरज असते, आणि ते अडते तेव्हा फक्त एक खूण दाखवते. पोटॅशियम अचानक साडेसात आले. रुग्णाचे मूत्रपिंड निकामी झाले, की सुईतून रक्त जोराने ओढल्याने तांबड्या पेशी फुटल्या? पेशींच्या आत पोटॅशियम रक्तद्रवाच्या वीसपटींहून अधिक असते, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. की जांभळ्या बुचाच्या नळीतील ईडीटीए दुसऱ्या नळीत गेले? तसे असेल तर त्याच नमुन्यात कॅल्शियम अतिशय कमी दिसेल, कारण ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकते. हे दोन आकडे एकत्र वाचणे यंत्राला सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला आधी ते स्वतःला यावे लागते. प्रयोगशाळेतील बहुतांश चुका नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होतात, हे जगभर मान्य झालेले निरीक्षण आहे. आणि त्या टप्प्यावर यंत्र नसते, माणूसच असतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: सेतू शिकवणार कोण? भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्राचे शिक्षक पॅरामेडिकल संस्थांत क्वचितच असतात. इथे विद्यापीठांच्या विज्ञान विभागांनी पुढे यायला हवे. २०२० च्या वसंतात हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संशोधन संस्थांनी कोविडच्या चाचण्यांसाठी आपल्या प्रयोगशाळा उघडल्या, तेव्हा संशोधक आणि वैद्यकीय तंत्रज्ञ एकाच टेबलाशी उभे राहिले आणि एकमेकांकडून शिकले. संकट ओसरल्यावर ती टेबले पुन्हा वेगळी झाली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका सत्रासाठी शेजारच्या संस्थेत जाऊन सेतूचे तास घेणे, आणि त्याला श्रेयांक मिळणे, ही व्यवस्था खर्चिक नाही. तिच्यासाठी दोन कुलसचिवांची पत्रे पुरतील.

आपल्याकडे प्रयोगशाळांविषयी सार्वजनिक वाद झाला तो बहुतेक सहीचा. अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी, असा आदेश डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे भांडण चालले. जबाबदारी कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा होता. पण सही करणाऱ्यापुढे जो आकडा येतो, तो बनवणाऱ्या हाताची तयारी कशी करायची, यावर तेवढी शाई खर्च झाली नाही. चुकीच्या आकड्याखाली केलेली सही, कितीही पात्र माणसाची असली, तरी तो आकडा बरोबर होत नाही.

जे विद्यार्थी आज अकरावी-बारावीत आहेत आणि या वाटेचा विचार करीत आहेत, त्यांनी परिषदांच्या निर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शाळेत चारही विषय घेता येत असतील तर घ्यावेत. ‘बायो’ घेतले असेल तर अकरावीच्या गणितातील सांख्यिकीचे प्रकरण आणि लॉगरिदम यांचा स्वतः अभ्यास करावा. एका सुट्टीत ते होते. गणित घेतले असेल तर जीवशास्त्राच्या पुस्तकातील रक्त, प्रतिकारशक्ती आणि सूक्ष्मजीव ही प्रकरणे वाचावीत, आणि गणित चालणाऱ्या संस्थांची माहिती वेळेत काढावी. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: संस्थेला राज्याच्या परिषदेची मान्यता आहे काय, अभ्यासक्रमात एकूण किती तास आहेत, आणि प्रत्यक्ष रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांपैकी किती. उत्तर देताना जी संस्था घुटमळेल, तिथे शुल्क भरू नये. आणि डिप्लोमापासून सुरुवात करावी लागली तर तीत कमीपणा मानू नये. डिप्लोमाधारकांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट अनेक ठिकाणी उपलब्ध आहे, तिची चौकशी आधीच करून ठेवावी.

बीरगावच्या एखाद्या दवाखान्यात उद्या सकाळी कुणीतरी भट्टीवरची रात्रपाळी संपवून रक्त द्यायला बसेल. समोरच्या तंत्रज्ञाला बारावीत किती टक्के मिळाले, हे तो विचारणार नाही. विचारण्याचा त्याला अधिकार आहे हेही त्याला ठाऊक नसेल. त्याच्या वतीने ते विचारणे हे प्रवेशाच्या अटी ठरवणाऱ्यांचे काम आहे. तेव्हा त्यांनी टक्के विचारू नयेत. नियंत्रण नमुन्याचा ठिपका रेषेबाहेर गेला तर काय करशील, एवढे विचारावे. आणि उत्तर येत नसेल तर परत न पाठवता आधी ते शिकवावे.